पॅरिटी फ्लॅग कुणाला हवा होता?

भाचीची व्हायवा दुसऱ्या दिवशी होती. जेवणाच्या खुर्चीवर मांडी घालून, डोळे मिटून ती ८०८५ या प्रोसेसर चिपचे फ्लॅग, म्हणजे गणित झालं की चिप वर करते त्या खुणा, पाठ करत होती. साइन, झिरो, ऑक्झिलरी कॅरी, पॅरिटी, कॅरी. मी समोर बसून मेथी निवडत होते. मध्येच तिने डोळे उघडले. "मावशी, बाकीचे कळतात गं. बेरजेत हातचा आला की कॅरी. उत्तर शून्य आलं की झिरो. पण शून्य-एकात लिहिलेल्या उत्तरात 'एक' किती आहेत ते मोजायचे आणि सम निघाले तर फ्लॅग वर करायचा, हे कुणाला हवं होतं?" मी पुस्तकातलंच उत्तर दिलं: माहिती इकडून तिकडे पाठवताना बिघडली का, ते तपासायला. "ते आहेच गं पुस्तकात. पण पाठवण्याची भानगड बाहेर, तारेवर. गणित करणाऱ्या चिपच्या पोटात हे कशाला? कुणीतरी मागितलं असेल ना?" मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे, एका मार्काचं आहे," आणि पुढच्या पानाकडे वळली.

मेथी निवडून झाली, तिची व्हायवाही पार पडली, पण मला मात्र तो प्रश्न सुटेना. त्याच चिपच्या किटवर मीही कॉलेजात तासन्‌तास घालवले होते. लाल आकडे, घट्ट बसलेल्या हेक्स कळा, एक कळ दाबायला गेलं की दोनदा उमटणारा आकडा. जंप, म्हणजे प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या पत्त्यावर उडी, द्यायचा तर आधी सी-३ दाबायचं आणि मग पत्ता उलटा घालायचा. २०५० ला जायचंय? मग आधी ५०, नंतर २०. उलटा का, असं कुणी विचारलं की प्रयोगशाळेतले सर म्हणायचे, "इंटेलचं असंच असतं." आम्ही मान मोडून वहीत लिहून घेतलं. रजिस्टरांची, म्हणजे चिपच्या पोटातल्या आकडे ठेवायच्या कप्प्यांची, नावं ए, बी, सी, डी, ई अशी शहाण्यासारखी चालत येतात आणि मग एकदम एच आणि एलवर उडी का मारतात, मेमरीचा पत्ता धरायचा मान त्या एच-एल जोडीलाच का, हेही तसंच लिहून घेतलं. विद्यार्थी म्हणून आमची एक खोड होती, आणि ती आजही दिसते: छापलेलं आहे म्हणजे ते कुणीतरी विचार करून, सगळ्या जगासाठी ठरवलेलं असणार, असं आम्ही धरून चालायचो.

ते सगळ्या जगासाठी ठरलेलं नव्हतं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरातल्या एका लहानशा कंपनीला टर्मिनल विकायची होती, तिच्या सोयीसाठी ते ठरलं होतं.

टर्मिनल म्हटलं की मला आधी गार फरशी आठवते. ऐंशीच्या दशकात मुंबईत नोकरीला लागले, तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. पावसाळ्यात भिजलेल्या पायांनी त्या एसीत पाऊल टाकलं की कळ थेट गुडघ्यापर्यंत जायची. आत ओळीने टर्मिनल मांडलेली, आणि भिंतीवर कुणी कधी बसायचं त्याचा तक्ता. पडद्याच्या काचेजवळ हात नेला की दंडावरची लव उभी राहायची. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं, आणि एखादी ओळ पुसली तरी तिची फिकट सावली क्षणभर मागे रेंगाळायची. दिवसभर ते बघून संध्याकाळी लोकलमध्ये पेपर उघडला की पांढरा कागद गुलाबी दिसायचा. पहिल्यांदा मी घाबरले होते. डोळ्यांचं काही तरी झालं असं वाटून आईला सांगितलंही नव्हतं. नंतर कळलं की सगळ्याच मुलींना तसं दिसतं. त्या खोलीत आमच्या मनात एक गोष्ट पक्की होती: समोरची पेटी म्हणजे नुसतं टोक. अक्कल आहे ती काचेपलीकडे, दुसऱ्या खोलीत, कपाटांएवढ्या यंत्रांत. पेटीने फक्त दाखवायचं आणि ऐकायचं. त्या वेळी जगभरातल्या बहुतेक टर्मिनलांच्या बाबतीत हे खरंच होतं. म्हणून तर सॅन अँटोनियोची गोष्ट कळल्यावर मला आधी हसू आलं आणि मग जरा अपमान झाल्यासारखंही वाटलं. ज्याला आम्ही बिनडोक समजत होतो, त्याच्याच घराण्यातून पुढे सगळे डोकेबाज निघाले.

फिल रे आणि गस रोश हे दोघं जनरल डायनॅमिक्समधले इंजिनिअर. त्यांनी १९६८ साली कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशन (सीटीसी) काढली. नावातच धंदा सांगून टाकलेला. तेव्हा दूरच्या कॉम्प्युटरशी बोलायचं तर साधन होतं टेलिटाइप. मॉडेल ३३ हे त्यातलं सगळीकडे दिसणारं. सेकंदाला दहा अक्षरं, सगळी कॅपिटल, कागदाचा रोल, तेलाचा वास आणि असा खडखडाट की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं. यांनी ठरवलं की कागद काढून टाकायचा आणि त्या जागी काच बसवायची. त्या पहिल्या मालाचं नाव डेटापॉइंट ३३००. मॉडेल ३३ च्या गिऱ्हाइकाला ते ३३ लगेच ओळखीचं वाटावं, हा त्यातला हिशोब. ७२ अक्षरांच्या २५ ओळी. माल खपला, एचपीने आपलं लेबल लावून तो विकला आणि डेक या दुसऱ्या कॉम्प्युटर कंपनीनेही.

पण धंद्यात एक अडचण होती. आयबीएमचं यंत्र एका रीतीने बोलायचं, युनिव्हॅकचं दुसऱ्या, टेलिटाइपवाल्यांचं तिसऱ्या. प्रत्येकासाठी वेगळं सर्किट असलेलं वेगळं टर्मिनल बनवायचं म्हणजे लहान कंपनीचं दिवाळंच. त्यावर निघालेली युक्ती मला फार आवडते. एकच पेटी बनवायची, आत एक छोटंसं गणित करणारं इंजिन ठेवायचं, आणि आज कुणाची भाषा बोलायची ते कॅसेटवरून भरायचं. १९७० साली जाहीर झालेलं डेटापॉइंट २२०० ते हेच. वर दोन कॅसेटच्या खाचा, पुढे कीबोर्ड, मध्ये ठेंगणा, रुंद पडदा. तो पडदा ८० अक्षरांच्या १२ ओळींचा. भोकं पाडून माहिती साठवायच्या पंच कार्डावरही १२ ओळी आणि ८० रकानेच असतात. जॅक फ्रॅसानिटो या डिझायनरने पेटीचा आकार असा बेतला की ऑफिसात टाइपरायटरच्या जागी ती निमूट बसावी. गुंतवणूकदारांना हे टर्मिनल म्हणूनच दाखवलं गेलं. कंपनीतल्या काहींच्या मनात पहिल्यापासून टेबलावरचा कॉम्प्युटरच होता, असं नंतर सांगितलं गेलं. खरं असावं. टर्मिनलवर पैसे लावायला लोक तयार होते; एका माणसासाठी एक कॉम्प्युटर, यावर पैसे लावायला कोण बसलं होतं?

त्या इंजिनला कोणत्या आज्ञा कळाव्यात ते व्हिक्टर पूर आणि हॅरी पाइल यांनी १९६९ च्या अखेरीस ठरवलं. रजिस्टर सात: ए, बी, सी, डी, ई, एच आणि एल. एच म्हणजे पत्त्याचा वरचा भाग, एल म्हणजे खालचा. फ्लॅग चार: कॅरी, झिरो, साइन आणि पॅरिटी. शेवटचा का, ते आता उघड आहे. ही पेटी टेलिफोनच्या तारेवर कान लावून बसणार होती. तारेवरून येणारं प्रत्येक अक्षर सात बिटांचं, म्हणजे सात शून्य-एकांचं, आणि वर एक तपासणीचा बिट. मध्ये कुठे खरखर झाली आणि एक बिट उलटला तर सम-विषमाचा मेळ बिघडायचा. प्रत्येक अक्षरागणिक ही मोजणी प्रोग्रॅमने करायची म्हटली तर आठ बिट सुटे करत बसावं लागलं असतं. इंजिननेच ती करून एक फ्लॅग वर केला की काम झालं. म्हणजे भाचीला हवं होतं ते उत्तर हे: टेलिफोनच्या लाइनवर विश्वास नसलेल्या एका टर्मिनलला.

आणि पत्ता उलटा का? कारण पैसे. डेटापॉइंट २२०० च्या पहिल्या आवृत्तीत मेमरी होती शिफ्ट रजिस्टरची. तेव्हा तीच स्वस्त. तिच्यात बिट एका जागी बसत नाहीत, रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांसारखे फिरत राहतात. हवा तो वर येईपर्यंत थांबायचं. प्रोसेसरही एका वेळी एकच बिट घ्यायचा, आणि बेरीज आपण करतो तशीच, एकं स्थानापासून, हातचा पुढे नेत. मग संख्येचा खालचा बाइट, म्हणजे आठ बिटांचा गठ्ठा, आधी यायला हवा, वरचा नंतर. म्हणून आधी ५०, मग २०. पुढच्या आवृत्तीत ही फिरती मेमरी गेली, एकेक बिट घेणारा प्रोसेसरही गेला, कारण उरलं नाही. रीत राहिली. तुमच्या-माझ्या लॅपटॉपातले आकडे आजही त्याच क्रमाने मेमरीत ठेवलेले असतात.

सर, इंटेलचं असं नसतं हो. सॅन अँटोनियोचं असतं.

आता इंटेल यात आलं कसं. १९६९ मध्ये इंटेल ही जेमतेम वर्षाची मेमरी विकणारी कंपनी होती, आणि शिफ्ट रजिस्टर घेणारी सीटीसी तिची गिऱ्हाईक. प्रोसेसरच्या बोर्डावर शंभराच्या आसपास लहान चिपा लागत होत्या. त्या सगळ्या एका चिपेत बसतील का, अशी बोलणी झाली. इंटेलने काम घेतलं, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनेही (टीआय) घेतलं. टीआयची चिप १९७१ मध्ये आधी तयार झाली, पण सीटीसीने ती वापरली नाही आणि ती कधी बाजारातही गेली नाही. इंटेलचं काम मध्ये रखडलं. तोवर सीटीसीला थांबणं परवडणारं नव्हतं. त्यांनी सुट्या चिपांचाच बोर्ड करून पेट्या विकायला सुरुवात केली. इंटेलची चिप हाती यायच्या सुमाराला त्यांचा स्वतःचा नवा बोर्ड तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान होता. हळू चालणारी, उशिरा आलेली चिप घेऊन करायचं काय? विकासखर्चाचे सुमारे ५० हजार डॉलर देण्याऐवजी सीटीसीने चिपेवरचा हक्क सोडला. इंटेलने एप्रिल १९७२ मध्ये ती ८००८ या नावाने बाजारात आणली. तिच्यापासून १९७४ ची ८०८०, १९७६ ची माझ्या आणि भाचीच्या किटवरची ८०८५, १९७८ ची ८०८६, आणि १९८१ च्या आयबीएम पीसीतली तिची धाकटी बहीण ८०८८.

ही गोष्ट सांगणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे कपाळावर हात मारतो. पन्नास हजारांसाठी सोन्याची खाण दिली! मला त्या कपाळावर हात मारण्याचा जरा कंटाळा येतो. १९७१ साली सॅन अँटोनियोत बसून हिशोब मांडा. अमेरिकेत नुकतीच मंदी येऊन गेलेली, शेअर विकून उभे केलेले पैसे आटत चाललेले, गोदामात माल, दाराशी गिऱ्हाईक. समोर एक चिप, आपल्या बोर्डापेक्षा हळू. ती सोडून देऊन पन्नास हजार वाचवणारा माणूस मला मूर्ख वाटत नाही. माझ्या नोकरीच्या काळातल्या कुठल्याही हिशोबनिसाने तेच केलं असतं आणि संध्याकाळी समाधानाने घरी गेला असता. आणि ती खाण तेव्हा खाण नव्हतीच. इंटेलने ती वर्षानुवर्षं खणली, त्यावर माणसं लावली, प्रोग्रॅमरना पुस्तकं छापून दिली, तेव्हा ती खाण झाली. सीटीसीकडे हक्क राहिला असता तर तो बहुधा एखाद्या फाइलीत पिवळा पडला असता.

त्या वर्षांत असे डाव मांडणारे पुष्कळ होते. मॅसॅच्युसेट्समधल्या व्हायाट्रॉनने महिना ३९ डॉलर भाड्याने टर्मिनल देण्याची जाहिरात केली. ३९ डॉलर! बाकीच्यांचे भाव ऐकलेल्या लोकांच्या उड्या पडल्या नसत्या तरच नवल. त्यांच्याकडे छपाईसाठी एक मजेशीर यंत्रही होतं: साध्या विजेच्या टाइपरायटरच्या कळांवर बसवायची पेटी, जी वरून कळा दाबायची. माणसाच्या बोटांच्या जागी लोखंडाची बोटं. मला ती कल्पना इतकी आवडते की ती चालली असती तर बरं झालं असतं असं वाटतं. पण तो ३९ चा भाव एका गृहीतावर उभा होता: लागणाऱ्या चिपा लवकरच ढिगाने आणि कवडीमोलाने मिळतील. त्या मिळाल्या, पण काही वर्षं उशिरा. व्हायाट्रॉन १९७१ मध्ये दिवाळ्यात गेली.

आणि त्याच १९७१ मध्ये आयबीएमने ३२७० आणलं. पुढे माझं अर्धं आयुष्य ज्याच्यापुढे गेलं ते हे घराणं. त्याचा विचार सॅन अँटोनियोच्या अगदी उलटा. पडद्यावर फॉर्म मांडलेला. तुम्ही रकान्यांत भरत राहा, मोठ्या यंत्राला त्याची खबरही नसते. एंटर दाबलं की बदललेले रकाने तेवढे एका गठ्ठ्याने जातात आणि उत्तर येईपर्यंत कीबोर्ड बंद. एका मेनफ्रेमवर शेकडो कारकून बसवायचे तर याहून शहाणी रीत नाही, हे मी आजही म्हणेन. पुण्यात रात्रपाळीला परदेशातल्या एका विमा कंपनीचं काम करताना माझ्यासमोर खरं ३२७० कधीच नव्हतं; होती विंडोजमधली एक खिडकी, जी आपण ३२७० आहोत असं सोंग घ्यायची. तेच २४ ओळींचे ८० रकाने. खाली डाव्या कोपऱ्यात तो इंग्रजी एक्स आणि त्यापुढे 'सिस्टीम', म्हणजे थांबा. पहाटे तीनला कॅन्टीनमधला चहा हातात घेऊन त्या एक्सकडे बघत बसलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत की त्यांचे चेहरे विसरले तरी बसण्याची ढब आठवते. गंमत अशी की ते सोंग वठवणाऱ्या पीसीच्या आत होती इंटेलची चिप. म्हणजे एक पेटी, जिच्यात प्रोग्रॅम भरला की ती हव्या त्या टर्मिनलसारखी बोलते. पूर आणि पाइल यांनी जी मागितली होती, तीच.

आणि १९७८ चं डेकचं व्हीटी १००, ज्याची नक्कल आजही प्रत्येक लिनक्सच्या काळ्या खिडकीत चालू आहे, त्याच्या आत इंटेल ८०८० होती. टर्मिनलसाठी मागितलेली चिप, टर्मिनलवाल्यांनी नाकारलेली चिप, तिचीच पुढची पिढी पुन्हा टर्मिनलमध्येच कामाला लागली. हे वाचलं तेव्हा मी फोन करून भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, व्हायवा होऊन महिना झाला."

सीटीसीचं काय झालं हे मात्र कपाळावर हात मारणारे सहसा सांगत नाहीत, कारण ते त्यांच्या गोष्टीत बसत नाही. हक्क सोडून ती कंपनी बुडाली नाही. तिने आपलं नावच डेटापॉइंट करून घेतलं, एका टर्मिनलला जोडून दुसरं, मग ऑफिसभर तारा फिरवून सगळी एकमेकांना जोडण्याचं आर्कनेट नावाचं जाळं १९७७ मध्ये विकायला काढलं, आणि ती अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या पाचशे कंपन्यांत गेली. ती घसरली ती ऐंशीच्या दशकात, आणि कारण अगदी जुनं, किराणा दुकानातही घडणारं: माल खरोखर विकला जाण्याआधीच विक्री वहीत मांडली जात होती. ते उघड झालं, शेअर कोसळला, १९८५ मध्ये ॲशर एडलमन या कंपन्या ताब्यात घेणाऱ्या गुंतवणूकदाराने ती घेतली, आणि तिचे भाग सुटे होत गेले. २००० साली दिवाळखोरी. चिपेचा हक्क पदरी असता तरी खोट्या विक्रीच्या नोंदींपासून तो कसा वाचवणार होता, ते मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

पॅरिटी फ्लॅग अजून आहे. चौसष्ट बिटांच्या प्रोसेसरमध्ये चौसष्ट बिटांची बेरीज केली, तरी तो फक्त खालच्या आठ बिटांतले 'एक' मोजतो, एका अक्षराएवढेच. तार गेली, खरखर गेली, तपासणीचं काम केव्हाच दुसऱ्या सर्किटांकडे गेलं. म्हणून तो निरुपयोगी असेल असं मी धरून चालले होते. तर तसं नाही. दशांश अपूर्णांकांच्या गणितात कधीकधी उत्तर संख्याच नसते, म्हणजे शून्याला शून्याने भागलं की येतं ते. अशा दोन गोष्टींची तुलना केली आणि ती करताच येत नाही असं निघालं, तर हे प्रोसेसरला कळवायचं कसं? मोकळा फ्लॅग कुठला, हे इंटेलच्या लोकांनी पाहिलं असणार. आज कंपायलरने, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या आज्ञांत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने, काढलेला कोड उघडून बघितला तर तुलनेनंतर 'जेपी' नावाची आज्ञा दिसते. पॅरिटी असेल तर उडी मार, असा तिचा मूळ अर्थ. आता ती उडी मारते ते समोर आलेली संख्या ही संख्याच नाही म्हणून.